घास भरवण्याचं दान

आमच्या चर्चमध्ये वर्षातला एक रविवार बायकांचा असतो. त्या दिवशी सगळी उपासना बायकाच चालवतात. गेल्या वर्षी त्याच्या महिनाभर आधी पाळकांच्या पत्नीने, आम्ही त्यांना मॅडम म्हणतो, महिला मंडळात एकेकीला विचारलं, "देवानं तुम्हाला कोणतं दान दिलंय ते सांगा. त्याप्रमाणे कामं वाटून घेऊ."

एकीने गळा सांगितला, एकीने पेटी. एक म्हणाली, "मी न अडखळता अर्धा तास प्रार्थना करते."

"ते म्हाईत हाय आमाला, पाय दुखत्यात आमचं," मागून कोणीतरी बोललं आणि सगळ्या हसल्या.

माझी पाळी आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत मी म्हणाले, "मला काय येत न्हाई, मॅडम."

"असं कसं? काहीतरी असेलच."

माझी शाळा चौथीपर्यंत. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी मागच्या रांगेत सरकते. शेवटी मॅडमनी मला सतरंज्या घालायचं काम दिलं. घरी येताना बायबलातल्या गोष्टीतला, धन्याने दिलेले पैसे जमिनीत पुरून ठेवणारा तो चाकर आठवत होता. त्याच्याजवळ पुरायला तरी काही होतं, असं मनात आलं.

त्याच आठवड्यात आमच्या रविवारच्या शाळेच्या म्हाताऱ्या बाईंच्या अंगावरून वारं गेलं. मंडळीत कुठलंही गीत उचलायचं ते बाईंनी, मग आम्ही मागून म्हणायचं, अशी कित्येक वर्षांची रीत. आता त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. सांगलीच्या दवाखान्यात नाकातून नळी घातली, ती त्यांनी दोनदा ओढून काढली. मग त्यांचा डावा हात खाटेला बांधला. घरी सोडताना डॉक्टरांनी नळी काढली आणि सुनेला सांगितलं, "गिळता येतंय त्यांना. बसवून, थोडं थोडं भरवा. पण सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नळी परत घालावी लागेल."

तो गुरुवार होता.

आमच्यात कोणी आजारी असलं की जेवणाच्या वेळेला जायचं, म्हणजे घरच्यांना एकटं वाटत नाही. त्याप्रमाणे आम्ही आठ-दहा जणी गेलो. खाटेभोवती उभं राहून गीत म्हटलं, प्रार्थना केली. सून वाटी घेऊन पुढे झाली. "आत्या, एवढा एक घास घ्या. बघा, सगळ्या तुमच्यासाठी आल्यात."

बाईंनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"आवं बाई, आ करा की," एक जण म्हणाली. "ल्हान पोरागत रुसताय व्हय?"

त्यांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. सुनेने ती सगळ्यांदेखत पुसली. बाईंनी डोळे मिटले ते आम्ही निघेपर्यंत उघडले नाहीत. शुक्रवारी दुसऱ्या बायका गेल्या. तेच झालं. सून स्वयंपाकघरात रडली म्हणे.

मला मात्र ते मिटलेले डोळे ओळखीचे वाटले. मला स्वतःला लोकांसमोर जेवता येत नाही. लग्नाच्या पंगतीत मी भिंतीकडे तोंड करून बसते. ज्या बाईंनी आयुष्यभर आमच्यापुढे उभं राहून गाणं सांगितलं, त्यांनी आमच्यापुढे तोंडातून सांडत कसं खावं?

आणि भरवणं मला माहीत होतं. माझी शाळा सुटली ती त्यासाठीच. धाकट्या बहिणीला मान धरता यायची नाही. आई दुसऱ्याच्या शेतात कामाला जायची आणि मी बहिणीला भरवायची. ती अकरा वर्षांची होऊन गेली, तोवर रोज. पातळ दिलं की ठसका लागतो, घट्ट दिलं की उतरतं, हे मला कोणी शिकवलं नाही. तिच्या गळ्याकडे बघून कळत गेलं.

शनिवारी मी मुगाची घट्ट पेज करून नेली. खाटेभोवती पाच-सहा जणी होत्याच. मी वाटी खाटेजवळ ठेवून म्हणाले, "तुमी सगळ्या जरा भायेर बसता का?"

"का गं? प्रार्थना न्हाई झाली अजून."

"भायेर करा. हितं नको."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. त्या एकमेकींकडे बघत बाहेर गेल्या. सुनेच्या मदतीने मी बाईंना उशा लावून ताठ बसवलं, मग तिलाही पाठवलं आणि दार ओढून घेतलं. मी खाली पाटावर बसले, म्हणजे त्यांना मान वर करावी लागू नये. अर्धा चमचा डाव्या गालाशी धरला आणि खिडकीकडे बघत बसले. तोंडाकडे बघायचं नाही. बोलायचं नाही. बराच वेळ गेला. पेज निवली.

मग चमचा हलल्यासारखा वाटला.

गळ्याचं हाड वर होऊन खाली आलं. मी दुसरा अर्धा चमचा धरला. सांडलं ते न बोलता पुसलं. पाच चमचे गेले. सहावा त्यांनी डाव्या हाताने दूर केला, तेव्हा मी वाटी ठेवली. संध्याकाळी अर्धी वाटी गेली. रविवारी तीन वेळा मी आणि सून, दोघीच. दुपारचं तिनेच भरवलं, मी नुसती जवळ बसले. सोमवारी डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "नळी नको. असंच चालू द्या." सुनेने तिथेच माझा हात धरला.

मॅडम मला म्हणाल्या, "हे येतं तुम्हाला, तर मंडळात सांगितलं का नाहीत?"

"ते काम हाय, मॅडम. दान कुठं हाय?"

पण माझंच वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. दान म्हणजे पुढे उभं राहून दाखवायचं, असं मी धरून चालले होते. माझं दान दार ओढून घेतल्यावरच चालतं. ज्या लाजरेपणाला मी इतकी वर्षं दोष दिला, त्याच्यामुळेच मला बाईंचे मिटलेले डोळे कळले. आता मी त्याबद्दलही देवाचे आभार मानते, थोडं अवघडूनच.

काल तासगावातल्या एका बेदाणा व्यापाऱ्याची बायको बाईंचं ऐकून घरी आली. "आमचं सासरं, अब्बा, कुणाच्याच हातनं खाईनात. तुमी याल का?" मालकांना विचारून सांगते, असं नेहमीसारखं न म्हणता मी चप्पल घातली. अब्बांनी काल काही घेतलं नाही. आज दोन चमचे घेतले आणि तिसरा माझ्या साडीवर उडवला. तिला लाज वाटली. मी म्हणाले, "उडवू दे. हातात जोर हाय म्हणायचा." उद्या नाचणीची लापशी नेणार आहे, जरा घट्टच करून.