तक्त्याची कोरी बाजू

फौजेत एक दिवसही न काढता फौजेतून निवृत्त झालेला माणूस कुणाला पाहायचा असेल, तर त्याने आदिलाबादला यावं आणि माझ्या साडूंना भेटावं. पेशाने ते डोळ्यांचे सर्जन. पण चालणं कवायतीचं, जेवण हल्ल्याच्या हुकुमाची वाट पाहत असल्यासारखं, आणि मेहुणीने वांगी आणायला सांगितली तरी "कूच करतो" म्हणून उठणार. चष्मा मात्र इतका जाड, की समोरच्याला त्यात आपलं तोंड वाटीएवढं दिसावं. मेहुणी म्हणते, "मले वाटलं डॉक्टर केला. हे तं अख्खी पलटण निघाली!"

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी डॉक्टर स्वतःची सुट्टी मोडून दवाखान्यात माजी सैनिकांचे डोळे तपासतात. त्या दिवशी माझ्या बँकेलाही सुट्टी, म्हणून त्यांचा डबा पोचवणं माझ्याकडे. डबा निमित्त. खरं तर मी तमाशा पाहायला जातो. दारात टोकन मिळतात, पण त्यांना विचारतो कोण? पहिल्या टोकनचा शिपाई हवालदाराच्या आधी आत पाऊल टाकणार नाही, आणि दोन हवालदार एकाच बाकावर आले की आधी भरती कोण झाला याचा वाद मराठी, तेलुगू आणि उर्दूत पेटून शेवटी फौजी हिंदीत विझतो. तेलुगूत नावं पुकारणाऱ्या सिस्टरने केव्हाच हात टेकलेत. डॉक्टर बाहेर येतात, "लाइन तोड" असा कवायत मोडायचा हुकूम सोडतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरतं, की त्या माणसाला पगार नाही दिला तरी चालेल असं वाटावं.

या मंडळींना एक विलक्षण रोग होता आणि तो डोळ्यांचा नव्हता. त्यांना कमी दिसायचं, पण ते कबूल करायचे नाहीत. नोकरीत असताना तपासणीत नजर कमी लिहिली गेली की माणूस मागे पडायचा, कधी घरीच यायचा. म्हणून अक्षरांचा तक्ता आधीच पाठ करून ठेवायचा, ही त्यांची जुनी रीत. निवृत्तीला जमाना लोटला, इथे खरं सांगण्यातच फायदा, तरी रीत सुटेना. पुढच्याने आत वाचायचं, मागच्याने दाराला कान लावायचा. डॉक्टरांनी इंग्रजी तक्ता काढून हिंदी लावला, हिंदी काढून तेलुगू लावला. मंडळींनी सगळे पाठ केले. तेलुगूचं अक्षर न शिकलेला एक नाईक तो तक्ता आरतीसारखा म्हणायचा. "फर्स्टक्लास दिसून राह्यलं साहेब!" असं सांगून एकदा तो उठला आणि खुंटीवर टांगलेल्या डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाला त्याने कडक सॅल्यूट ठोकला. डॉक्टर दुसऱ्या कोपऱ्यात होते. त्यांनी कोपऱ्यातूनच सॅल्यूट परत केला आणि कागदावर ऑपरेशनची तारीख लिहिली.

पण तलमडुगुकडचे एक सुभेदार कुणालाच बधत नव्हते. डावा डोळा त्यांनी असाच 'फर्स्टक्लास' म्हणता म्हणता कायमचा घालवला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकून फुगला होता. आतला दाब चढला की हाही डोळा गेला, आणि मग कुठलाच सर्जन तो परत आणू शकणार नव्हता. डॉक्टरांना बॅटरीच्या उजेडात हे लख्ख दिसत होतं. पण सुभेदार हो म्हटल्याशिवाय हात लावता येत नव्हता, आणि सुभेदार म्हणत, "मी फिट हाये. ऑपरेशन बिमार लोकायचं करा."

एका शनिवारी डॉक्टरांनी तक्ता उलटा करून टांगला. कोरी बाजू पुढे. सुभेदार स्टुलावर बसले, मिशीवरून हात फिरवला आणि त्या कोऱ्या पुठ्ठ्यावरून सगळ्या ओळी खणखणीत वाचून दाखवल्या. दारातून हशा आला. सिस्टरने पदर तोंडाशी नेला. डॉक्टरांनी दार लावून घेतलं. डबा हातात धरून मी आतच राहिलो.

"सुभेदारसाहेब, तक्ता उलटा हाये. अक्षरं भिंतीकडं हायेत."

"मंग काय झालं? बाजू बदलली तरी अक्षरं तं तेच!" म्हणून सुभेदार उठले आणि काठी चाचपू लागले. "बोलावून इज्जत काढता काय? आता नाई येत मी."

ते गेले असते तर उरलेला डोळाही गेलाच असता. डॉक्टर त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"बारावी झाल्यावर मी भरतीले गेलो होतो. माह्या पुढच्या पोरानं तक्ता मोठ्यानं वाचला, मले सारा पाठ झाला. माहा नंबर आला तवा जेवढं दिसलं तेवढंच वाचलं. वरच्या दोन ओळी."

"अन् बाकीच्या?"

"दिसत नव्हत्या."

"पण पाठ होत्या ना?"

"होत्या."

"मंग बोलले काऊन नाई?" सुभेदार कळवळून म्हणाले. "आमी सारे तसेच घुसलो ना बाप्पा!"

डॉक्टर चष्मा पुसत होते. "मले वाटलं, फौजेत खोटं चालत नसन."

इतक्या वर्षांच्या नात्यात ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो. सुभेदारांनी काठी बाजूला ठेवली, टाचा जुळवल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

"रिपोर्ट देतो साहेब. नुसतं पांढरं दिसून राह्यलं. दुसरं काई नाई."

"बरोबर वाचलं," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यादेखत पट्टी निघाली, तेव्हा सुभेदारांनी डॉक्टरांना डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"तुमी इतलेसेच हाव? आवाजावरून मले वाटे, सहा फुटी असान." मग आवाज खाली आणून, अगदी गंभीरपणे ते म्हणाले, "साहेब, मनाले लावून घेऊ नका. तक्ता सारा बोलले असते ना, तरी उंचीत कटलेच असते तुमी."

वॉर्डभर हसू पिकलं. सगळ्यात मोठ्याने डॉक्टर हसले.

घरी निघताना डॉक्टरांच्या स्कूटरवर मागे बसत मी म्हणालो, "चला, जुनं शल्य तर निघालं!"

"उंची आधी मोजतात साडूबुवा. डोळे मागून. उंचीत मी पास होतो. धावण्यात तं साऱ्यायच्या पुढं होतो."

"मग हे सुभेदारांना माहीत नाही?"

"त्यायले? अर्धी जिंदगी भरत्या पाह्यल्या त्यायनं."

"आणि तरी खोटं बोलले?"

"माह्यासाठी बोलले," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी स्कूटरला किक मारली.

फाटकाबाहेर सुभेदार काळा चष्मा लावून तलमडुगुच्या बसची वाट पाहत होते. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडे मान वळवून बघत होते. डॉक्टरांनी स्कूटर हळू केली, थांबवली नाही. त्यांच्यासमोरून जाताना त्यांनी पाठ मात्र ताठ केली, जितकी करता येईल तितकी. आणि सिग्नल गेला, कापसाचा बाजार मागे पडला, घराची गल्ली आली, तरी त्यांनी ती सैल केली नाही.