वहिनीचे ग्रॅम

आमच्या दादाला सगळा बाजार काटेवाला म्हणून ओळखतो. नावानं हाक मारली तर तो मान वर करत नाही, 'ओ काटेवाले' म्हटलं की लगेच चष्मा कपाळावर. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा. दुकान एवढंसं, की आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं पोट आत घ्यावं. मागच्या फळीवर पितळी वजनं ओळीनं मांडलेली, आणि त्यांना उघड्या हातानं शिवायची कुणाची बिशाद नाही. मी सख्खी धाकटी बहीण, मलासुद्धा मनाई. "हाताचा घाम लागतो, वजन बदलतं," म्हणतो. मी म्हटलं, माझ्या घामाला एवढं वजन असतं तर मी केव्हाच बारीक झाले असते!

माणूस सरळ. नको इतका सरळ. एकदा एका दुकानदारानं हळूच सुचवलं, काटा जरा आपल्या बाजूनं बोलेल असं बघा. दादानं त्याचा काटा तसाच उघडा, स्क्रू वेगळ्या पुडीत बांधून, त्याच्या हातात दिला आणि शटर अर्धं खाली ओढलं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक काट्याला तो मागून तार ओवून शिशाचं सील मारतो. सील मारलं म्हणजे काटा खरा. त्याच्या सीलवर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

आणि अशा माणसाच्या स्वयंपाकघरातला काटा वीस वर्षं चुकीचा होता. हसू नका, खरंच सांगतेय.

त्याला कारण त्याची लेक, आमची ठकी. सहा वर्षांची असताना आपलं वजन बघायला म्हणून कार्टी चक्क काट्याच्या पारड्यावर उभी राहिली. आतली स्प्रिंग ताणली गेली ती गेलीच. संध्याकाळी दादा पक्कड घेऊन धावला, तर वहिनी आडवी. "अहो, हात लावायचा नाही. माझ्या ब्राउनी मागच्या वेळेपेक्षा आज चांगल्या झाल्यात."

वहिनी दवाखान्यात नर्स होती. आठवडाभर लोकांचं रक्त, पट्ट्या, तापाचे तक्ते, आणि सुट्टीच्या दिवशी ब्राउनी. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. चॉकलेट आणि लोणी वितळल्याचा वास जिन्यानं वर आला की मी काहीतरी निमित्त काढून खाली उतरायचे. तिला माझं निमित्त कळायचं. स्टूल आधीच ओढून ठेवलेलं असायचं.

गरम पाण्याच्या पातेल्यावर वाडगा ठेवून ती चॉकलेट वितळवायची, घाई न करता. अंडी आणि साखर फेटताना माझ्याशी बोलायची, हात मात्र थांबायचा नाही. मैदा त्या जुन्या काट्यावर, निळ्या रेघेच्या वाडग्यात तोलायची. मग भट्टीसमोर खाली फतकल मारून बसायची आणि काचेतून आत बघायची. वरचा पापुद्रा कागदासारखा तडकला की म्हणायची, "झालं!" आत मात्र ओलसर, दाताला जरा चिकटणारी. कडेचे चार कोपरे तिचे. तिथं ती नवऱ्याचं ऐकायची नाही, लेकीचं नाही, आणि नणंदेचं तर नाहीच नाही.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. तीन आठवड्यांचं आजारपण, बस. ठकी लांबच्या देशातून आली, पाच दिवस राहिली, नोकरीवर परत गेली. मग खालच्या घरात दादा एकटा. मी जेवायला बोलावलं की यायचा, खाली मान घालून जेवायचा, ताट स्वतः धुवायचा. रडला नाही. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? माझी वहिनी गेली म्हणून मी जिन्यात बसून हंबरडा फोडला, आणि हा बाबा दुसऱ्या आठवड्यात दुकान उघडून बसला.

यंदा ठकीचा फोन आला. ती येणार होती, चार दिवसांसाठी. फोन स्पीकरवर होता, मी शेजारीच होते.

"बाबा, आईच्या ब्राउनी करून ठेवाल?"

"मी?" दादा म्हणाला. "मला अंडं उकडता येत नाही."

"तिची वही आहे ना? मी त्या पानाचा फोटो नेलाय, त्याच्यावरूनच करते. दहादा केल्या, बाबा. नाही होत. आणि आता मला तिची चव नीट आठवेनाशी झालीय. त्याचीच भीती वाटते."

फोन ठेवल्यावर दादानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाच आठवडे मोजले आणि मला विचारलं, "मैदा कुठल्या डब्यात असतो?"

झालं. पुढच्या माझ्या सगळ्या रविवारांचं वाटोळं. चष्मा लावून, वही उभी करून, काटेवाले भट्टीला लागले. वहीत वहिनीच्या अक्षरात आकडे: लोणी एकशे ऐंशी, चॉकलेट दोनशे, साखर अडीचशे, मैदा एकशे दहा, कोको तीस, अंडी तीन. दादा पातेल्यातल्या पाण्याचंही तापमान बघायचा. कोको तोलताना श्वास रोखायचा. मी म्हटलं, "अरे, सोनं तोलतोयस का?" म्हणाला, "गप्प बस, काटा हलतो."

पहिल्या रविवारी जे निघालं त्याला ब्राउनी म्हणणं म्हणजे ब्राउनीचा अपमान. कोरडाठाक केक, तोही रुसलेला. दुसऱ्या रविवारी भट्टी जरा कमी ठेवली, तर बाहेरून ठीक, आत पुन्हा भुसा. तिसऱ्या रविवारी मी घोटभर पाण्याबरोबर गिळली. सगळ्या मलाच खाव्या लागत होत्या, कारण टाकून द्यायच्या नाहीत आणि तो स्वतः एक घास घेऊन ताटली बाजूला सारायचा. "ही तिची नाही," एवढंच. त्याचा चेहरा बघून मला माझे विनोद आवरते घ्यावे लागले.

चौथा रविवार. ठकी यायला सहा दिवस उरलेले. मी स्टुलावर बसलेली, त्याच जागी. दादानं निळ्या रेघेच्या वाडग्यात मैदा तोलला, काटा एकशे दहावर आणला, वाडगा उचलून माझ्यासमोर ठेवला. मी सहज बघितलं आणि म्हटलं, "एवढा?"

"एकशे दहा. वहीत आहे."

"वहीत असेल. पण वहिनीचा मैदा कधी रेघेला टेकायचा नाही. बोटभर खाली असायचा. मी काय आंधळी आहे? वीस वर्षं इथंच बसून बघितलंय." आता मैदा रेघ ओलांडून वर आला होता.

दादा वाडग्याकडे बघत राहिला. मग काट्याकडे. मग हळूच खाली बसला, तेही खुर्चीवर नाही, जमिनीवर, वहिनी बसायची तसा.

"काटा," तो म्हणाला.

"काय काट्याला?"

"मी दुरुस्त केला. ती गेली त्याच्या चौथ्या दिवशी. तुम्ही सगळे वर होतात. मला काही सुचत नव्हतं गं. हाताला काहीतरी काम हवं होतं. समोर तो दिसला. स्प्रिंग बदलली, वजनं लावून बघितलं, अगदी बरोबर आला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "जुना काटा मैदा जास्त दाखवायचा. म्हणजे तिचे एकशे दहा हे एकशे दहा नव्हतेच कधी."

माझं डोकंच फिरलं. "बाईनं वीस वर्षं तुला हात लावू दिला नाही, आणि ती जाताच चौथ्या दिवशी तू तिचा काटा फोडलास?" असं मी बोलून गेले. बोलायला नको होतं. तो रडला तो तेव्हा. दोन वर्षांचं साठलेलं सगळं, त्या मैद्याच्या वाडग्यासमोर. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले, माझ्या गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो म्हणून.

थोड्या वेळानं मी विचारलं, "जुनी स्प्रिंग फेकलीस?"

"मी काही फेकत नाही. दुकानात डब्यात आहे."

डबा म्हणजे रंगाचा भलामोठा डबा, आणि त्यात चाळीस वर्षांच्या जुन्या स्प्रिंगा. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानाबाहेर 'आज बंद' अशी पाटी लावली आणि डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. घरगुती काट्याच्या मापाच्या बाजूला काढल्या, तर त्याच सत्तेचाळीस निघाल्या. सगळ्या दमलेल्या, सगळ्या काळ्या पडलेल्या. आता यातली तिची कुठली?

"कशी ओळखणार?" मी म्हटलं. "सगळी जुळी भावंडं."

दादानं घरचा काटा आणि वाडगा सोबत आणला होता. त्यानं वाडगा माझ्यापुढे ठेवला, मैद्याची पिशवी दिली आणि म्हणाला, "ती घ्यायची तेवढा भर. तुझ्या नजरेनं."

मला क्षणभर कळेना. हा माणूस, जो वजनाला माझं बोट लागू देत नाही, तो माझ्या नजरेवर काटा लावणार होता! मी वाडगा भरला. दोन चमचे काढले. पुन्हा एक घातला. डोळे मिटून वहिनीचा हात आठवला, रेघेच्या खाली बोटभर. "एवढा," मी म्हटलं.

मग एकेक स्प्रिंग काट्यात बसवायची, वाडगा ठेवायचा, आकडा वाचायचा. जी एकशे दहा दाखवेल ती तिची. शंभर दाखवणाऱ्या निघाल्या, नव्वदवाल्या निघाल्या, एक तर थेट दीडशेवर गेली, तिला मी मनातल्या मनात हात जोडले. दुपारपर्यंत तिघी उरल्या, एकशे दहाच्या आसपास रेंगाळणाऱ्या. दादानं त्या खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरल्या. तिसरीच्या वेटोळ्यांत काहीतरी तपकिरी घट्ट बसलं होतं. त्यानं टाचणीनं कणभर खरवडलं आणि सरळ जिभेवर ठेवलं.

"अरे, गंज चाटतोयस की काय? वेड लागलंय का तुला?"

तो हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा हसला. "कोको आहे," म्हणाला.

ठकी शनिवारी सकाळी आली. बॅग दारातच टाकली आणि वासाच्या मागे थेट स्वयंपाकघरात. दादा भट्टीसमोर खाली बसला होता. पापुद्रा तडकला तेव्हा "झालं" म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं, पण त्यानं ते म्हटलं नाही. मीही नाही. कापायच्या आधी गार होऊ द्यायचं असतं, पण ठकीला कुठला धीर! तिनं मधला तुकडा उचलला, बोटं भाजून घेतली, तोंडात घातला आणि चावायची थांबली. डोळे घळाघळा वाहायला लागले. "आई," एवढंच म्हणाली, भरल्या तोंडानं.

दादानं तिला सगळं सांगितलं. काटा दुरुस्त केल्याचंही, काही न लपवता. मग तिच्या हातात एक कागद दिला. दुकानातून वजनं आणून, जुन्या स्प्रिंगवर एकेक आकडा ताडून त्यानं तो तक्ता केला होता. डावीकडे लिहिलं होतं, 'आईचे ग्रॅम'. उजवीकडे, 'जगाचे ग्रॅम'. आईचा मैदा एकशे दहा, जगाचा चौऱ्याऐंशी. कोको तीस, जगाचा एकोणीस. लोणी, चॉकलेट, साखर, सगळ्यांचं असंच; न तोलता मोजायची अंडी तेवढी दोन्हीकडे तीन. खाली तारीख आणि सही, गिऱ्हाइकाला देतो तशी.

"आता तिकडे कुठल्याही काट्यावर कर," तो म्हणाला. "होतील. तू विसरणार नाहीस."

ठकीनं कागद दोनदा वाचला. काटेवाल्याचीच मुलगी ती, लगेच तिच्या लक्षात आलं. "बाबा, मग आता खरी मापं तुमच्याकडेही आहेत. काट्यात चांगली स्प्रिंग घालून टाका परत. असा चुकीचा काटा घरात तुम्हाला बघवत नाही ना?"

दादानं कपाटावरून काटा खाली घेतला आणि फिरवून त्याची मागची बाजू आम्हाला दाखवली. मागे तार ओवलेली होती. तारेवर शिशाचं सील, आणि त्यावर त्याची स्वतःची खूण.

"याला आता कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला. "मीसुद्धा नाही."

मग त्यानं ताटलीतल्या ब्राउनी आमच्या पुढ्यात सरकवल्या. आम्ही तिघांनी पोटभर खाल्ल्या. चार कोपरे तेवढे राहिले.