दोरा बांधलेली झाडं

आमच्या ह्यांनी कॅमेरा घरी आणला तेव्हा सासूबाईंनी उंबऱ्यातच अट घातली, "फुलांचे काढा, समुद्राचे काढा. माणसाचा फोटो या घरात निघायचा नाही." फोटो काढला की आयुष्य उणं होतं, हे त्या काळी गिरगावातल्या आमच्या चाळीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. मला ते पटत नव्हतं, आणि न पटलेलं पोटात ठेवायची सवय मला माहेरी कोणी लावली नव्हती.

एरवी मी अट मानलीही असती. पण वन्संच्या यजमानांची एडनला बदली झाली होती. येत्या दिवाळीनंतरच्या बोटीने दोघं जाणार, आणि परत कधी येणार ते कोणालाच सांगता येत नव्हतं. सासूबाईंना ही एकच मुलगी. तिचा एक तरी फोटो घरात राहावा असं मला फार वाटे. सासूबाईंनाही वाटत असणार. पण लेकीचं आयुष्य उणं करून तिचा चेहरा ठेवून घ्यायला कुठली आई तयार होईल?

तोवर आम्ही फुलंच काढत राहिलो. रविवारी सकाळी हे तिपाई खांद्यावर घेऊन पुढे आणि मी, ज्यांच्यावर फोटो उतरतो त्या काचांची पेटी घेऊन मागे. चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. हसोत बापड्या, त्यांना चौपाटीवरची सकाळ कुठे पाहायला मिळत होती!

पहिला फोटो कुंडीतल्या पिवळ्या शेवंतीचा. छापून बघते तर फूल काळं ठिक्कर! मी म्हटलं, काच बिघडली. दुसऱ्या काचेवरही तेच. फाल्गुनात दादरच्या वाडीत पांगारा लाल भडक फुलला होता, तो फोटोत कोळशासारखा उतरला. उलट निळी गोकर्ण पांढरीफेक. चौपाटीवर इतकं निळं आभाळ होतं, त्याच्या जागी नुसता कोरा कागद. आणि लाटा काच उघडी असेपर्यंत हलल्यामुळे ताकासारख्या दिसत होत्या. मला तर वेडच लागलं. भाजी निवडतानाही मनात येई, हा माठ कसा उतरेल, हे वांगं कसं उतरेल?

शेवटी ह्यांनी उलगडून सांगितलं. "या काचेला निळं तेवढं दिसतं. तांबडं दिसतच नाही. म्हणून तर न्हाणीघरात तांबडा कंदील लावून आपण काचा धुतो."

"म्हणजे तांबडा उजेड तिला अंधारच?"

"अंधारच."

इतकी चोखंदळ काच मी पाहिली नव्हती. त्यानंतर घराबाहेर पडलं की मी रंग ओळखायचा खेळ खेळायची. किनाऱ्यावरच्या भेंडीच्या झाडाचं फूल सकाळी पिवळं असतं आणि संध्याकाळी तांबूस होतं. आम्ही दोन्ही वेळा काढलं आणि दोन्ही वेळा ते काळंच आलं.

सासूबाईंचा खेळ वेगळा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी फोटो काढलेल्या शेवंतीला पांढरा दोरा बांधला. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून. पण त्या रोज सकाळी तिथे वाकून बघत. फोटो काढलेलं रोप इतरांआधी मरतं का, हे त्यांना पाहायचं होतं. मला हसू आलं आणि मनातून आवडलंही. त्या लांबच्या झाडांसाठीही दोरा देऊ लागल्या. "बांधून ये. पुढच्या खेपेला बघून ये. आणि खरं सांग हो."

वरळीच्या वाळूत मर्यादवेल पसरली होती. तिची जांभळट फुलं फोटोत छान उजळ आली. तिला दोरा बांधताना मासळी वाळत घालणारी एक कोळीण हसली, "काय गो बाय, वेलीला नवस केलास?" मी म्हटलं, "मी नाही, माझ्या सासूने!" यावर ती आणखीच हसली.

शेवंती जगली. पांगारा जगला. भेंडी तर बहरली. पुढचा दोरा देताना सासूबाईंचा हात सैल झाला होता. आणि श्रावणात आम्ही वरळीला गेलो, तर समुद्राने वाळूच ओरबाडून नेली होती. वेलीचा पत्ता नव्हता. घरी येऊन खरं सांगावं लागलं.

"बघितलंस?" सासूबाई एवढंच म्हणाल्या. त्यांना जिंकल्याचा आनंद झाला नव्हता, उलट चेहरा उतरला. मला रडू आलं. वन्संचं सामान बांधायला सुरुवात झाली होती.

नवरात्र संपलं तशी मी ह्यांच्या मागे लागून पुन्हा वरळी गाठली. वाळू परत आली होती. मी नखांनी उकरत गेले तर एका जाड, वठल्यासारख्या दांड्याला दोरा! मिठाने कडक झालेला. आणि त्याच दांड्याला पुढे कोवळी पानं आणि एक फूल. मी दोरा सोडून घरी आणला. सासूबाईंनी तो बोटांत कितीतरी वेळ फिरवला. मग म्हणाल्या, "काढा तिचा."

दिवाळी झाल्यावर सकाळच्या उजेडात वन्संना गॅलरीत बसवलं. वर्षभराची विद्या मी पणाला लावली. अबोलीची वेणी काढून पांढऱ्या शेवंतीची माळली, तांबडं लुगडं बदलून आकाशी नेसवलं. "पुन्हा नवरी करतेस की काय मला?" वन्सं हसून म्हणाल्या. त्यांच्या बोटीच्या गडबडीत काच धुवायला सवड झाली ती त्या गेल्यावरच.

फोटो सुरेख आला होता. लुगडं उजळ, वेणीतलं फूल न् फूल सुटं दिसत होतं. ह्यांनी त्याला काच-चौकट करून आणली आणि मी मिरवत सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी पदराने काच पुसली, पुन्हा पुसली. मी वाकून पाहिलं. कपाळ मोकळं होतं. वन्संचा रंग सावळा. त्यात कुंकू असं मिसळून गेलं होतं की टिंबही दिसत नव्हतं. फुलांच्या नादात आम्हा तिघांपैकी कोणालाच ते सुचलं नव्हतं.

"अगं आई, काचेला तांबडं दिसत नाही," हे घाईघाईने म्हणाले.

"तिला दिसत नसेल. मला दिसतंय ना!" सासूबाई म्हणाल्या. त्यांचं स्वतःचं कपाळ किती वर्षं तसंच होतं. "अगं, करंडा आण."

मी करंडा आणून पुढे धरला. त्या मागे सरकल्या. सासरे गेल्यापासून त्यांनी कुंकवाला बोट लावलं नव्हतं. "माझा हात नको. तू सवाष्ण आहेस, तू लाव."

मी चौकटीच्या काचेवर, नेमकं कपाळावर, बोट टेकवलं. त्या दिवसापासून पूजेआधी त्यांची हाक यायचीच, "अगं, तिला कुंकू लाव." आदल्या दिवसाचं मी पुसायची आणि नवं लावायची. मी माहेरी गेले की शेजारणीला बोलवायच्या.

काही वर्षांनी वन्सं कडेवर मूल घेऊन जिना चढून आल्या. कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू होतं. सासूबाई दारात उभ्या राहून त्यांच्याकडे बघतच राहिल्या, आणि मागे न वळता त्यांनी मला हाक मारली, "अगं, हिला कुंकू लाव."