घोडे धुऊ नयेत

तंजावूरच्या ज्या कॉन्व्हेंटमध्ये एके काळी नन मुलींना शिकवायच्या, तिथे आता वस्तुसंग्रहालय आहे, आणि तिथला पहारेकरी रघुराम ही त्यातलीच एक पाहण्याजोगी चीज. घरची बोली मराठी, शिक्षण सगळं तमिळमधून. महाराष्ट्रातून पाहुणे आले की स्वारी खुशीत. जुन्या वर्गखोलीत दोन मराठी शिलालेख आहेत. डावीकडच्यावर बोट फिरवत तो घडाघडा म्हणायचा, कोण्या बाईने वाटसरूंसाठी विहीर खोदली ते. लोक थक्क व्हायचे. खरं तर त्याला देवनागरीचं अक्षरही येत नव्हतं. वीस वर्षांपूर्वी एका पंडितांनी वाचून दाखवलेलं त्याने पाठ केलं होतं. हे कुणाला कळलं तर तोंड कुठे लपवायचं, ही धास्ती कायमची.

पोंगलच्या आधी खोलीला रंग दिला. रंगाऱ्यांनी दगड हलवले आणि ठेवताना अदलाबदल केली. दोन्ही काळे, सारख्याच उंचीचे. रघुरामला काय कळणार? दुसऱ्या दिवशी साताऱ्याची मंडळी आली आणि तो सवयीने डावीकडच्या दगडावर बोट फिरवत विहिरीचं म्हणू लागला. अक्षरं झिजलेली, त्यामुळे सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत माना डोलावत होते. त्यांच्यातल्या, शाळेत शिकवणाऱ्या वर्षाताई तेवढ्या दगडाकडे पाहत होत्या.

मंडळी पुढे गेल्यावर त्यांनी हळूच सांगितलं, की इथे तर विहिरीवर घोडे धुऊ नयेत असं लिहिलंय. रघुरामच्या पायाखालची जमीन सरकली.

“मराठी तोंडांत आहे, अम्मा. डोळ्यांत नाही,” तो म्हणाला. “आमच्या घरांत कोणासही वाचाला येत नाही.”

आता या बाई संग्रहालयाच्या साहेबांना सांगणार, असं त्याला वाटलं. बाईंनी त्याला नन लोकांच्या जुन्या बाकावर बसवलं, वही काढली आणि पहिलं अक्षर लिहिलं, ‘र’. रोज फोनवर एक अक्षर पाठवीन, ते गिरवायचं आणि फोटो पाठवायचा, असं बजावून त्या गेल्या.

तेव्हापासून सकाळी सुंदरी, त्याची बायको, दारात कोलमची रांगोळी घालते, तेव्हा तिच्याच पिठाने तो शेजारी अक्षर काढतो. ती आधी हसली, मग स्वतःही गिरवू लागली.

चार महिन्यांनी नाशिकची मंडळी आली. रघुराम विहिरीचा दगड मागे टाकून घोड्यांच्या दगडापाशी थांबला. “वि... हि... री... वर... घो... डे...” त्याला घाम फुटला. कुणी थक्क झालं नाही. एक आजोबा तर घड्याळ पाहू लागले. “धु... ऊ... नयेत,” म्हणून त्याने बोट उचललं आणि त्याचे डोळे भरून आले.

घोडे धुऊ नयेत, यात रडण्यासारखं काय आहे, हे नाशिककरांना काही कळलं नाही.