पानठेले टाळायचा नकाशा

पांढुर्ण्याहून सौसरकडे निघालं की गाव संपतासंपता आमचं केंद्र लागतं. नशेत अडकलेली तरुण पोरं इथे तीन महिने राहतात आणि मी त्यांचा समुपदेशक आहे. तोंडावर ती मला 'सर' म्हणतात; मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहिणार नाही. पोरगा दाखल झाला की त्याचे खिसे एका पत्र्याच्या पेटीत रिकामे करायचे, ही आमची रीत. माझे खिसे कुणी तपासत नसे, आणि माझा खर्रा तसाही स्कूटरच्या डिक्कीत असायचा.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला. आमच्या भागात त्याला कुणी व्यसन म्हणतच नाही. नव्या पोराला मी विचारायचो, कशाची सवय आहे? तो दारू सांगायचा, गोळ्या सांगायचा. आणि खर्रा? "तो तं आहेच ना सर," असं तो म्हणायचा आणि मी तो रकाना कोरा सोडून पुढे जायचो. वीस वर्षं मी स्वतःच खात होतो, लिहिणार काय.

मागच्या हिवाळ्यात सौसरच्या एका कापड दुकानदाराचा मुलगा दाखल झाला. वय एकवीस, नशा गोळ्यांची. दोन आठवडे तो सगळ्यांबरोबर गोलात बसायचा आणि तोंड उघडायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदम म्हणाला, "सर, तुमच्या गाडीत दर तासाले काय बिघडून राहते?"

सगळी पोरं हसली आणि मी तापलो. तू तुझं बघ म्हणालो, वर शिस्तीवर लांबलचक भाषण झोडलं. संध्याकाळी त्यानं घरी फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वडील त्याला न्यायला हजर. अर्ध्यातून गेलेला पोरगा आठवडाभरातच पुन्हा गोळ्यांवर येतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं होतं.

"मी समजावून राहिलो, पण हा ऐकूनच नाही राहिला," वडील म्हणाले.

पोरगा खांद्याला बॅग लावून उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सराले सोडनं होत नाही, तं मले काऊन सांगून राहिले?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी शाळेच्या निबंधात चांगली दोनदा वापरली होती. त्या सकाळी मला स्वतःची मनापासून लाज वाटली. मी बाहेर गेलो, डिक्कीतली पुडी आणली आणि सगळ्यांदेखत पत्र्याच्या पेटीत टाकली.

"आता थांबतो का तू?" मी विचारलं.

त्यानं थोडा वेळ पेटीकडे पाहिलं. "डिक्की मी रोज पाहीन," म्हणाला आणि बॅग खाली ठेवली. वडील हळूच बाहेर जाऊन तोंडातला खर्रा थुंकून आले. ते आम्ही दोघांनीही पाहिलं.

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. पहिले दहा दिवस माझं डोकं ठणकत होतं. वरणात मीठ कमी म्हणून मी स्वयंपाकीणबाईंशी भांडलो, आणि मीठ बरोबर होतं. बायको म्हणाली, "तुम्हीच भरती होऊन जा तिथं, आमाले तेवढीच शांती." पोरगा रोज डिक्की तपासायचा आणि विचारायचा, "सर, झोप लागली का जी?" मला लागलेली नसायची, त्यालाही नसायची. त्यावरून आमचं बोलणं सुरू झालं आणि मग पहिली गोळी कुणी दिली, इथपासून त्यानं सगळं सांगितलं.

जाणाऱ्या पोराकडून आम्ही एक नकाशा काढून घेतो. घर कुठे, बस स्टँड कुठे, नशा मिळते त्या ठिकाणांवर लाल फुली, आणि त्यांना चुकवून जाणारा रस्ता. यानं तीन महिने संपल्यावर दोन काढले. दुसरा माझा होता. माझ्या घरापासून केंद्रापर्यंतच्या सहा पानठेल्यांवर फुल्या होत्या आणि रस्ता गावाला वळसा घालून जात होता. मी त्या रस्त्यानं येऊ लागलो. पंधरा दिवसांनी माझ्या नेहमीच्या ठेलेवाल्यानं घरी माणूस पाठवून विचारलं, सर बरे आहेत ना?

दर रविवारी पोरगा फोन करायचा. "कोणत्या रस्त्यानं?" मी विचारायचो. "लांबच्या," तो म्हणायचा. मग तो मला विचारायचा.

उन्हाळ्यात तिगावला एका लग्नात मी गेलो आणि पंगत उठल्यावर कुणीतरी पुढे केलेला खर्रा खाल्ला. उरलेली पुडी खिशात ठेवली. रविवारी फोन आला. खोटं बोलणं अगदी सोपं होतं, त्याला तिगावचं काय कळणार होतं. पण मी सांगून टाकलं.

तो म्हणाला, "बरं झालं तुमी सांगतलं सर. मंगळवारी मी बी दोन गोळ्या घेतल्या. सांगाची हिंमतच नव्हती होऊन राहिली."

सोमवारी दुपारी तो बसनं एकटाच आला. सोबत वडील नव्हते. कुणी न सांगता त्यानं पेटी ओढली, आपले खिसे रिकामे केले आणि माझ्यापुढे हात पसरला. मी तिगावची पुडी त्याच्या हातावर ठेवली. कुणी न आणता, आपल्या पायांनी परत आलेला पोरगा मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो. मला फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

मग आम्ही आपापले नकाशे उघडले. त्यानं रामाकोन्यातल्या एका मित्राच्या घरावर लाल फुली मारली. पेन माझ्याकडे दिला, आणि मी तिगावच्या मांडवावर मारली.