हिरव्या इंजिनाचं दातेरी चाक

आमच्या ताईंना फोन लावलात तर त्या आधी नमस्कार म्हणणार नाहीत. "इंजिन उलटं करा आणि पोटावरचा नंबर वाचा," हेच त्यांचं पहिलं वाक्य. एकदा माझ्या माहेरचा फोन चुकून त्यांनी घेतला, तर माझ्या आईलाच इंजिन उलटं करायला सांगितलं. आई आठवडाभर मला विचारत होती, तुझी नणंद बरी आहे ना गं?

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. छोट्या आगगाड्या बनवणाऱ्या कारखान्यात त्या सुट्या भागांची खिडकी सांभाळतात. त्यांना खेळणी म्हणू नका हं, ताई चहासुद्धा विचारणार नाहीत. खऱ्याची हुबेहूब नक्कल, पण तळहातावर मावणारी. असली इंजिनं टेबलावर रूळ मांडून पळवणारी माणसं बहुतेक निवृत्तीला आलेली असतात आणि रुसण्याफुगण्यात नातवंडांना मागे टाकतात. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. ताईंनीच मला तिथे चिकटवलं, आणि हे त्या मला विसरू देत नाहीत.

खिडकीवर काय काय येतं म्हणून सांगू! एकाच्या सुनेने साफसफाई करताना इंजिनाचा धक्के झेलणारा बफर व्हॅक्यूम क्लीनरमध्ये ओढला. एकाच्या मांजराने धुरांडं पळवलं ते पळवलंच. एका दंतवैद्याने डबा जोडायचा मोडलेला आकडा स्वतःच्या दवाखान्यातल्या सिमेंटने चिकटवला, आणि डबा इंजिनाला जन्माचा जोडला गेला. "आता यांचा घटस्फोट होणे नाही," ताई म्हणाल्या, आणि त्याला नवा आकडा दिलाच दिला.

पण त्यांचा एक दंडक आहे. मोडका भाग दाखवल्याशिवाय नवा मिळायचा नाही. लोक काडेपेटीत कापूस घालून मोडके तुकडे घेऊन येतात. ताई तो तुकडा उजेडाकडे धरतात आणि डॉक्टरच्या थाटात विचारतात, "पडलंय की पाडलंय?" भलेभले तिथे खरं बोलून मोकळे होतात. मोडका तुकडा ताई ठेवून घेतात. कशाला, ते मला कधी कळलं नव्हतं. मला वाटायचं, असते एकेकाला सवय.

दुसरा दंडक थोरल्या मालकांनी घालून दिलेला. कारखाना त्यांनी एका खोलीत, एकट्याने सुरू केला. ताई कामाला लागल्या तेव्हा त्यांना म्हणाले होते, "बाई, या खिडकीतून 'नाही' बाहेर जाता कामा नये." बस, एवढंच. ताईंनी ते ऐकलं आणि काळजात कोरून ठेवलं. इतकं कोरायला नको होतं, हे पुढे कळलं.

आता कारखाना मालकांची मुलगी बघते. आम्ही तिला मॅडम म्हणतो. बाई चटपटीत, हिशेबाला पक्की, मनाने वाईट नाही. पण तिचं एकच पालुपद : इंजिन मोडलं की माणसाने नवं घ्यावं, जुन्याची उस्तवार कोण करत बसणार? सुट्या भागांची खिडकी बंद करायचं तिने जवळजवळ ठरवलं होतं. वडिलांचा सत्कार तेवढा होऊन जाऊ दे, मग बघू, असं तिने ताईंना तोंडावर सांगितलं. त्या खिडकीवर ताईंचं घर चालतं हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे ताई त्या खिडकीवर चालतात. सुट्टीच्या दिवशी त्या घरात नुसत्या कपाटं उघडझाप करत फिरतात, माझं डोकं उठतं.

सत्काराची कल्पना अशी होती. कॅन्टीनमधली टेबलं जोडून त्यावर रूळ मांडायचे, दुकानदारांना बोलवायचं, आणि पुढच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटातलं पहिलंवहिलं हिरवं इंजिन मालकांच्या हस्ते चालवायचं. मालकांनी स्वतःच्या हाताने बनवलेलं, कारखान्याचं शेंडेफळ म्हणावं तर उलट, थोरलं लेकरू. मॅडमनी हे जेवणाच्या सुट्टीत सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी वाजवल्या नाहीत. त्यांच्या डब्यातला घास हातातच राहिला.

मी त्यांना बाजूला घेतलं. "काय झालं?"

"अगं, ते चालणार नाही."

"का? तेल घालू की."

"तेल कुठे घालशील? आत काही असेल तर घालशील ना!"

मी कपाळाला हात लावला. हळूहळू सगळं बाहेर आलं. जुन्या इंजिनांचे भाग संपत गेले, नवे कोणी बनवीना, आणि खिडकीतून 'नाही' तर जायचं नाही. मग ताई साफसफाईच्या निमित्ताने काचेचं कपाट उघडायच्या आणि तिथे मांडलेल्या जुन्या इंजिनांतला चांगला भाग काढून गिऱ्हाईकाला द्यायच्या. त्या जागी गिऱ्हाईकाचा मोडका भाग दोऱ्याने बांधून ठेवायच्या. काचेकडून बघाल तर एकेक इंजिन नवरीसारखं सजलेलं, आणि पाठीमागून लंकेची पार्वती!

"अहो ताई, याला चोरी म्हणतात!"

"चोरी कशी? कंपनीचा भाग कंपनीच्याच इंजिनाला गेला. मी घरी एक खिळा तरी आणलाय का?"

रागाने माझं डोकं भणभणत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. शेवटी मीच विचारलं, हिरव्याचं काय काय गेलंय? तर मोटर आणि तिच्यापुढचं दातेरी चाक. त्या चाकाशिवाय मोटर नुसती गरगरते आणि इंजिन जागचं हलत नाही. दोन्ही एका बसड्रायव्हरकडे गेलेली. दिवसभर बस हाकून हा माणूस घरी जाऊन रेल्वे चालवतो, म्हणजे बघा! त्याच्याकडे तसलंच हिरवं इंजिन होतं.

"मग त्याचंच आणून ठेवू," मी म्हणाले. "मालकांना आता डोळ्यांनी कमी दिसतं. कोणाला कळतंय?"

ताईंना ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. त्यांनी फोन लावला. बसड्रायव्हर बिचारा एका शब्दावर तयार झाला. "ताई, तुम्ही माझं इंजिन जिवंत केलंत, मागाल ते देतो," म्हणाला.

सत्काराला तो इस्त्रीचे कपडे घालून आला, इंजिन जेवणाच्या डब्यात रुमालात गुंडाळलेलं. मी ते गुपचूप रुळावर नेऊन ठेवलं. ताईंकडे तर बघवत नव्हतं. दुकानदार बसले, मॅडमचं भाषण झालं, आणि मालक काठी टेकत टेबलापाशी आले. बटण दाबतील आणि सुटेल गाडी, मग माझा जीव भांड्यात पडेल. पण मालकांनी बटणाला हातच लावला नाही. इंजिन उचललं आणि उलटं केलं.

मग अंगठा त्याच्या पोटावरून फिरवला. सावकाश, पुन्हा एकदा.

"हे माझं नाही."

"बाबा, तेच आहे," मॅडम म्हणाल्या.

"नाही गं. माझ्याच्या पोटाला एक भोक जास्त आहे. घाईत चुकीच्या जागी पाडलं होतं मी, मग मेणाने बुजवलं. स्वतःची चूक माणूस ओळखतो. माझं कुठे आहे?"

ताई उठल्या, पुढच्या ऑफिसात गेल्या आणि कपाटातलं इंजिन आणून मालकांपुढे ठेवलं. झाकण स्वतःच उघडलं. आत दोऱ्याने बांधलेली जळकी मोटर आणि दात पडलेलं चाक. काय केलं, का केलं, सगळं त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

मॅडमचा चेहरा लाल झाला. "म्हणजे सगळं कपाटच पोकळ केलंत? इतकी वर्षं आमच्या नाकाखाली?"

तेवढ्यात बसड्रायव्हर पुढे आला. खिशातून बारीक पेचकस काढला आणि आपलं इंजिन ताईंपुढे सरकवलं. "काढा ताई, मोटर आणि चाक. मालकांचं ते मालकांच्यात बसवा. आत्ता होईल." बोलताना तो इंजिनाकडे बघत नव्हता. त्याचे डोळे भरलेले मला दिसले.

सगळे ताईंकडे बघायला लागले. मी मनात म्हटलं, ताई, घ्या, देवासारखा माणूस देतोय, नोकरी वाचेल, अब्रू वाचेल. ताईंनी पेचकस उचलला. क्षणभर धरला. मग त्याच्या इंजिनावर आपला हात झाकण ठेवावं तसा ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या.

त्या खिडकीवरच्या बाईच्या तोंडून हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

मालकांनी मान वर केली. "बाई, 'नाही' म्हणायचं नाही, असं मीच सांगितलं होतं ना?"

"गिऱ्हाईकाला म्हणायचं नाही, असं सांगितलं होतं. तुम्ही मालक आहात. यांचं इंजिन रोज चालतं. तुमचं काचेत बसणार. चालत्यातलं काढून बसलेल्यात घालायचं हे काम माझ्याच्याने व्हायचं नाही. मला काढून टाका हवं तर."

मालकांनी दात पडलेलं चाक दोऱ्यातून सोडवलं, उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "पडलंय की पाडलंय?"

"झिजलंय," बसड्रायव्हर म्हणाला. "पोरगी लहान असल्यापासून चालवतोय. ती बघितल्याशिवाय झोपायची नाही."

"मग ठीक आहे," मालक म्हणाले, आणि बसड्रायव्हरचं इंजिन स्वतः रुळावर ठेवून बटण दाबलं. ते हिरवं इंजिन टेबलाला वळसे घालत राहिलं आणि मालक काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले. टाळ्या वाजवायचंही कोणाला सुचलं नाही.

मॅडमनी वडिलांचा चेहरा बघितला आणि साच्याच्या मशीनवरच्या माणसाला बोलावून विचारलं, या चाकाचा साचा आहे का? "आहे की, गंजलाय थोडा, पण घासून देतो," तो म्हणाला. खिडकी बंद करायचा विषय त्यानंतर निघाला नाही. मात्र काचेच्या कपाटाची किल्ली आता मॅडमच्या पर्समध्ये असते, आणि ते बरोबरच आहे, मी ताईंना तोंडावर सांगितलं.

नव्या चाकांची पहिली खेप आली तेव्हा मला वाटलं, पहिलं चाक मालकांना जाणार. कसलं काय! ताईंकडे आधीपासून थांबलेली माणसं होती.

थोरले मालक हल्ली अधूनमधून खिडकीवर येतात, हातात काडेपेटी, काडेपेटीत कापूस, कापसात ते दात पडलेलं चाक. काठी भिंतीला टेकवतात, दंतवैद्याच्या मागे रांगेत उभे राहतात आणि पाळी आली की विचारतात, "बाई, माझा नंबर लागला का?"

"अजून नाही," ताई म्हणतात. "पुढच्या खेपेला बघू."

आणि मालक खूश होऊन घरी जातात.