चार खुर्च्यांवरची खाट

त्याला सगळे वेतवाला म्हणत. खुर्च्यांच्या बैठकी विणायचं काम त्याने अठराव्या वर्षी हातात धरलं आणि साठी उलटली तरी सोडलं नव्हतं. वेत भिजत घालायचा, सोलून त्याच्या पट्ट्या काढायच्या, चौकटीच्या भोकांतून आडव्या, उभ्या, तिरक्या ओढायच्या आणि ओढलेली पट्टी सैल पडू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी ठोकायची. बोटांना असे घट्टे पडले होते की गरम कप धरला तरी त्याला चटका कळत नसे. बोलायला मात्र तो कच्चा. गिऱ्हाइकाने चार प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर मिळे, तेही मान हलवून.

घरातलं बोलण्याचं खातं बायकोकडे होतं, आणि देवाचंही. रविवारी चर्चमध्ये ती लहान मुलांना शिकवायची. रोज सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी ती खाटेच्या कडेला बसून मोठ्याने प्रार्थना करी. तिची यादी लांबलचक. गल्लीतल्या आजाऱ्यांपासून शेजारणीच्या परीक्षेला बसलेल्या भाचीपर्यंत कुणी सुटत नसे. वेतवाला शेजारी हात जोडून बसे आणि कुठल्या खुर्चीला किती पट्ट्या लागतील याचा विचार करी. शेवटचं 'आमेन' तेवढं खणखणीत म्हणे, कारण त्यानंतर चहा मिळायचा. त्या आमेनच्या जोरावर चर्चमध्ये त्याची गणना मोठ्या भाविकांत होत असे.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी कपडे वाळत घालता घालता बायको खाली कोसळली. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिच्याजवळ एकच शब्द उरला होता, 'बरं.' भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, चिडली तरी बरं. आवाजाच्या चढउतारावरून वेतवाला अर्थ लावायला शिकला.

घरी आल्यापासून रोज सकाळी ती डावा हात त्याच्या हातावर ठेवून त्याच्या तोंडाकडे बघू लागली. त्याने पाणी दिलं, कूस बदलली, खिडकी उघडली. ती चिडून बरं, बरं म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात उजेड पडला. आता त्याने प्रार्थना म्हणावी अशी तिची इच्छा होती. त्याने डोळे मिटले, घसा साफ केला, पण तोंडातून शब्द फुटेना. शेवटी नुसतंच आमेन म्हणून तो उठला. बायकोने तोंड भिंतीकडे वळवलं.

पाळकसाहेब दर शनिवारी येत. त्यांना त्याने एकदा आपली अडचण सांगितली. "मी जन्मभर हिच्या पदराआड राहून देवापुढे गेलो," तो म्हणाला. "एकट्याने जायचं म्हणजे पाय लटपटतात."

"ऐकणारे दोघंच," पाळकसाहेब म्हणाले. "एक ही, एक तो. दोघंही तुम्हाला चांगलं ओळखतात."

पण जमलं नाहीच. शनिवारी पाळकसाहेबच प्रार्थना म्हणत; बाकी सहा दिवस घर मुकं असे.

त्यात मुलगी परत आली. तिचा नवरा बंदरात मोठी जहाजं ओढून आणणाऱ्या बोटीवर कामाला होता. वर्षभरापूर्वीच्या वादळात बोट उलटली आणि अकराव्या दिवशी त्याचा मृतदेह किनाऱ्याला लागला. ते अकरा दिवस मुलगी चर्चच्या बाकावर गुडघे टेकून होती. बाराव्या दिवसापासून तिने तिथे पाऊल ठेवलं नाही. माहेरी आल्यावर तिने बापाला एवढंच सांगितलं, की आईचं सगळं मी करीन, फक्त माझ्यासमोर देवाचं नाव काढायचं नाही. ती शब्दाला जागली. दर दोन तासांनी आईची कूस बदले, पाठीच्या जखमा धुऊन मलम लावी. तिचे हात हलके होते, जीभ तेवढी तिखट.

त्या वर्षी वादळ पुन्हा आलं. आदल्या दिवशी भोंग्याची गाडी गल्लीतून फिरून गेली. सखल भागातल्या लोकांनी शाळेत जावं असं सांगत होती. वेतवाल्याचं घर गल्लीच्या टोकाला, सगळ्यात खोलगट जागेत होतं. पुढची खोली राहायची, मागची पत्र्याची कामाची. शेजारपाजारचे गाठोडी घेऊन निघाले. बायकोला हलवायचं तर स्ट्रेचरची गाडी हवी होती. मुलीने दवाखान्यात फोन केला. सकाळी आठला येतो म्हणाले, मग दहाला, मग बाराला. त्यानंतर फोन लागेनासाच झाला.

"तुमच्या देवाला सांगा," मुलगी फोन ठेवत म्हणाली. "त्याच्याकडे गाडी असेल तर पाठवेल."

वेतवाल्याला राग आला नव्हता. त्याच्याही मनात अगदी तेच आलं होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

दुपारी दोनच्या सुमाराला वारा असा सुटला की दाराची कडी आपोआप वाजू लागली. मागच्या खोलीवरचा एक पत्रा चरचरत उचलला गेला आणि समोरच्या भिंतीवर आपटून कुठे गेला ते दिसलं नाही. दुसरा त्याच्या मागोमाग. पावसाचा झोत सरळ वेताच्या भाऱ्यांवर पडू लागला. वेतवाला तिकडे धावला तोच मुलीने हाक मारली. दाराच्या फटीतून पाणी आत येत होतं. गटाराचं पाणी, काळं आणि फेसाळ. बघता बघता ते घोट्यापर्यंत आलं. खाट बसकी होती. आणखी वीतभर चढलं असतं तर बायकोची गादी भिजली असती.

मागच्या खोलीत चर्चच्या आठ खुर्च्या विणून तयार होत्या, रविवारी पोचवायच्या होत्या. वेतवाल्याने त्यांतल्या चार ओढत आणल्या. खाटेचा एकेक पाय उचलून खाली खुर्ची सरकवायची असं दोघांनी ठरवलं. मुलगी पाय बैठकीच्या मधोमध ठेवायला निघाली तेव्हा तो घाईने म्हणाला, "वेतावर नको, खचेल. चौकटीच्या कोपऱ्यावर ठेव." चार कोपऱ्यांवर चार पाय बसले. खाट कमरेइतकी उंच झाली. बायको वर पडून दोघांकडे बघत होती.

पाणी गुडघ्यापर्यंत चढलं. खुर्च्या सरकू नयेत म्हणून एका बाजूने बाप आणि दुसऱ्या बाजूने लेक खाट धरून उभे राहिले. असा तास गेला, दोन तास गेले. वाऱ्याचा आवाज थांबत नव्हता. बायकोच्या छातीतून घरघर येऊ लागली होती. छत गळून पांघरूण ओलं झालं होतं आणि तिचे ओठ निळसर दिसत होते. मग तिने डावा हात हळूहळू सरकवत आणला आणि खाटेची कड धरलेल्या त्याच्या मुठीवर ठेवला.

वेतवाल्याने मुलीकडे पाहिलं. मुलीने मान फिरवली.

"प्रभू," तो म्हणाला आणि थांबला. मग तो एखाद्याला दारातून निरोप सांगावा तसा बोलू लागला. "पाणी आलंय घरात. हिला भीती वाटतेय. मलाही वाटतेय. मला नीट बोलता येत नाही, ते तुला माहीत आहे. पोरगी तुझ्यावर रागावलीय. तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण आम्हाला टाकून जाऊ नकोस. हिला जिवंत ठेव. एवढंच." आमेन म्हणायचं तो विसरला.

"बरं," बायको म्हणाली. तिन्ही वर्षांत त्याने तो शब्द इतक्या शांत आवाजात ऐकला नव्हता.

मुलगी म्हणाली, "झालं असेल तर फळीवरचं कोरडं पांघरूण काढा. हिचे पाय गार पडलेत."

संध्याकाळी वारा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी होडी घेऊन माणसं आली आणि बायकोला दवाखान्यात नेलं. तिथे वॉर्डात जागा नव्हती. व्हरांड्यात भिंतीला लागून तिची खाट टाकली. न्युमोनिया झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. चौथ्या दिवशी दुपारी, मुलगी तिचे केस विंचरत असताना, ती गेली.

पाऊस अजून चालूच होता. दफनभूमीत खणलेला खड्डा तासाभरात भरून येई. कामाला दोनच माणसं आली होती आणि तीही दमून गेली होती. चर्चमध्ये उपासना झाली तेव्हा मुलगी बाहेर ताडपत्रीखाली उभी राहिली, आत आली नाही. पण पेटी खड्ड्यापाशी आणली आणि तळाशी पुन्हा पाणी दिसलं, तेव्हा तिने चपला काढल्या, एका माणसाच्या हातातली बादली घेतली आणि खड्ड्यात उतरली. वेतवाला वरून बादल्या घेत होता. आईला पाण्यात ठेवायचं नाही, इतकंच ती बोलली. पाणी उपसून झाल्यावर तिला वर ओढायला तिघे लागले.

वेतवाल्याने आयुष्यात एकदाच स्वतःच्या तोंडाने काही मागितलं होतं आणि ते मिळालं नव्हतं. पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा त्याने विचारलं, "मी नीट मागितलं नाही का?"

पाळकसाहेब म्हणाले, तसं काही नसतं. मग म्हणाले, "ती का गेली ते मला माहीत नाही. माहीत आहे असं सांगितलं तर खोटं होईल." त्या उत्तराने वेतवाल्याला थोडं बरं वाटलं. मोठं काही सांगितलं असतं तर कदाचित तो चर्चकडे फिरकलाही नसता.

आठही खुर्च्यांच्या बैठकी कुजल्या होत्या. त्याने त्या कापून काढल्या, चौकटी उन्हात वाळवल्या आणि पुन्हा पहिल्यापासून विणायला घेतल्या. एका सकाळी विणताना आपण मोठ्याने बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं. तो देवाकडे तक्रार करत होता. आधी घराची, मग दवाखान्यातल्या व्हरांड्याची, मग खुद्द देवाचीच. बोलून झाल्यावर त्याने पुढच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या खोकल्याचंही सांगून टाकलं. तेव्हापासून तो रोज सकाळी खाटेच्या कडेला बसून बोलतो. अडखळतो, मध्येच थांबतो, कधी नुसताच उसासा टाकतो. सोडून मात्र देत नाही. सोडलं तर घरात देवाशी बोलायला कुणीच उरणार नाही असं त्याला वाटतं.

मुलीला दवाखान्यात आयाचं काम मिळालं. चर्चला ती अजूनही जात नाही आणि बापही तिला चल म्हणत नाही. एकदा जेवताना तिने सांगितलं, "सोमवारपासून माझी सकाळची ड्युटी आहे. सहाला निघायचं. तुमचं ते काय असतं ते लवकर उरकत जा, मला त्याच खोलीत आवरायचं असतं."

तेव्हापासून तो साडेपाचला बसतो. ती केस बांधते, डबा भरते, छत्री शोधते. तिचं नाव आलं की त्याचा आवाज आपसूक खाली येतो. काही दिवशी त्याचं बोलणं संपायच्या आत ती निघून जाते. काही दिवशी आवरून झालं तरी संपेपर्यंत दारात उभी असते.